आबांच्या खिशातला ओटीपी

“वाजलं का?”

“नाही अजून.”

“जितू म्हणतोय, पाठवला.”

“बापू, वाजलं की सांगते ना मी! ठेवा फोन. आबा इकडेच बघतायत.”

मी आबांच्या शेतात, वांग्यांच्या ढिगाआड उकिडवी बसले होते. बापू, म्हणजे माझे वडील, तिकडे पाचोऱ्यात, स्टेशन रोडवरच्या जितूच्या सायबर कॅफेत. मधे कपाशीची रानं, एक नाला, आणि या सगळ्याहून ओलांडायला अवघड असा आबांच्या शर्टाचा खिसा. त्या खिशात आबांचा फोन होता आणि त्या फोनवर बापूंचा ओटीपी येणार होता.

बापूंचा ओटीपी आबांच्या खिशात का, तर आमच्या शिरुडे घराण्याची रीतच तशी. आबा हे बापूंचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. गावात आधार कार्डाचा कॅम्प लागला तेव्हा त्यांनी भाऊ, भावजया, पोरंबाळं अशी सगळ्यांची रांग लावली आणि प्रत्येकाच्या अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला.

“तुम्ही फोन हरवणार, नंबर बदलणार, मग बोंबलत फिरणार. त्यापेक्षा एकच नंबर असू द्या. माझा.”

तेव्हापासून घरात कुणाचंही काहीही झालं तरी टुंग वाजायचं ते आबांच्या खिशात. मग आबा चष्मा चढवायचे आणि वर्गात हजेरी घ्यावी तसा एकेक आकडा खणखणीत सांगायचे. शेजारच्या अमृतकरांनाही आमचे सगळे ओटीपी ऐकू जायचे. आणि हेच आबा शाळाशाळांतून ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ या विषयावर व्याख्यानं द्यायचे.

इन्कम टॅक्सचं रिटर्नही आबाच भरायचे. सगळ्यांचं. जुलैतल्या एका रविवारी दोघे धाकटे भाऊ आपापल्या कागदांच्या पिशव्या घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. मोठीआई, म्हणजे आबांची बायको, साबुदाणावडे तळायची. आबा तोंडी परीक्षा घ्यायचे.

“विशू, विमा?”

“हा घ्या.”

“पीएफ?”

“पगाराच्या कागदात आहे.”

“शरूची फी? मुलांच्या फीवर सूट मिळते. पावती दे.”

विशू म्हणजे बापू, शरू म्हणजे मी. हा शेवटचा प्रश्न त्या वर्षी नव्याने आला होता. बापू नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर. मोठमोठ्या मोटारी एका हाताने चालू-बंद करणारा माणूस, पण आबांनी भुवई उचलली की यांची मोटार बंद. ते वड्याकडे बघत म्हणाले, “फी... माफ झाली तिची.”

“माफ? पूर्ण?”

“हो.”

“अरे वा!” आबा खुर्चीतून उठलेच. “ऐकलंत का? बी.एड.ला फी माफ! मेरिटशिवाय होत नाही हे!”

झालं. फीचा रकाना कोरा राहिला, रिटर्न गेलं, आणि पुढच्याच आठवड्यात वाचनालयाच्या सभागृहात माझा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि आबांचं ‘आमच्या घराण्यातील शिक्षणाची परंपरा’ या विषयावर भाषण. मी शाल पांघरून बसले होते आणि पहिल्या रांगेत बापू घाम पुसत होते. उकाडा नव्हता.

कारण मी बी.एड.ला नव्हतेच. बारावीनंतरचं चार वर्षांचं बी.एस्सी.-बी.एड. करायला नागपूरला जाते असं सांगून मी गेले होते आणि शिकत होते अग्निशमन. आग कशी लागते, कशी पसरते, इमारतीतून माणसं कशी काढायची, शिडी कशी लावायची. इंजिनिअरिंगचीच पदवी, पण अंगमेहनतीची. लहानपणी बापूंच्या पंपावर डबा घेऊन जायचे तेव्हा पाणी भरायला नगरपालिकेचा लाल बंब यायचा. ड्रायव्हर मला वर बसू द्यायचा. बाकीच्या मुली बाहुलीचं लग्न लावत तेव्हा मी बाहुलीला खिडकीतून उडी मारायला शिकवत होते.

बापूंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हातातला पाना खाली ठेवला. मग एवढंच म्हणाले, “आबांना मी सांगतो.”

ते सांगणार होते गणपतीत. मग दिवाळीत. मग संक्रांतीला तिळगूळ देताना. दीड वर्ष झालं, सांगणं चालूच होतं. सुट्टीत घरी आले की मोठीआई माझे तळहात बघायची.

“अगं, सोलून निघालेत की! बी.एड.ला काय करतात गं?”

“खडू, मोठीआई. आमच्याकडे फळ्यावर फार लिहून घेतात.”

भीती काही उगाच नव्हती. आबांचा मुलगा मकरंद, माझा मक्यादादा, गुपचूप पुण्याला हॉटेलच्या कोर्सला गेला होता. आबा दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेले आणि त्याला ट्रंकेसकट घेऊन आले. मक्यादादा बी.कॉम. झाला. पतपेढीत लागला. अजूनही कुणाची पोळी टम्म फुगली की तो हातातलं काम सोडून बघत बसतो. आणि माझ्यासाठी तर आबांनी त्यांच्या संस्थेच्या शाळेत विज्ञानाची जागा धरूनच ठेवली होती.

सगळं चाललंही असतं, पण दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी कर्ज काढायची वेळ आली. पाचोऱ्यात नको म्हणून आम्ही जळगावच्या बँकेत गेलो. तिथल्या मॅनेजर बाईंनी कागद उलटसुलट केले आणि पेन टेबलावर आपटत म्हणाल्या, “काका, पहिल्या वर्षाची फी तुम्हीच भरलीत ना?”

“हो, ही पावती.”

“मग रिटर्नमध्ये मुलीच्या शिक्षणाचा उल्लेखच कसा नाही? वरच्या ऑफिसात फाइल गेली की हाच प्रश्न विचारतात. सुधारित रिटर्न भरता येतं. एकतीस डिसेंबरपर्यंत मुदत आहे. पडताळणी झालेली पावती आणा, दोन तारखेला कर्ज मंजूर करते.”

कॉलेजात फी भरायची शेवटची तारीख तीन. नाहीतर नाव कमी. आणि एकदा का मी सामान घेऊन घरी परतले की विज्ञानाची जागा वाटच बघत होती.

बापू चार दिवस धीर गोळा करत राहिले. आबांकडून पासवर्ड मागणं शक्य नव्हतं. जितू म्हणाला, पासवर्ड नको, आधारच्या ओटीपीने आत जाता येतं. आत जायला एक ओटीपी, भरून झाल्यावर पडताळणीला दुसरा. दोन्ही येणार आधारला जोडलेल्या नंबरवर. म्हणजे कुठे, ते मी सांगितलंच आहे. तर अशी एकतीस तारीख उजाडली, आणि त्याच दिवशी आबांच्या शेतात आमची दर वर्षीची भरीत पार्टी होती.

खानदेशात थंडी पडली की माणसं शेतात जातात, कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यात पांढरट हिरवी भरताची वांगी भाजतात, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे घालून लाकडी बडगीत ठेचतात, आणि केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर डोळ्यांतून पाणी येईतो खातात. भाजणीवर देखरेख आबांची. वांगं केव्हा उलटायचं हे त्यांना विचारल्याशिवाय वांग्यालाही उलटायची मुभा नसे. बापूंनी पंपावर ड्युटी असल्याचा निरोप धाडला होता.

मी आल्या आल्या कडब्याची गंजी आगीपासून लांब सारली, भोवतीने पाणी शिंपडलं आणि वाऱ्याची दिशा बघून चूल सरकवायला लावली.

आबा बघत होते. “हे बी.एड.मध्ये शिकवतात?”

“आपत्ती व्यवस्थापन, आबा. पेपर असतो.”

“चांगलं आहे.”

आई भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही, पण भाकरी जरा जोरात थापली.

आता प्रश्न फोनचा. मी पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली, माझ्या फोनवरून बापूंना फोन लावला, तो तसाच चालू ठेवून कुर्त्याच्या खिशात सोडला आणि आबांपुढे गेले.

“आबा, तुमचा फोन द्या ना. फोटो काढते. तुमचा कॅमेरा भारी आहे.”

आबांना फोटोची हौस. त्यांनी लगेच केसांवरून हात फिरवला, चिमट्यात एक वांगं धरलं आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या तसबिरीसारखे उभे राहिले. शेजारी मोठीआई आणि मक्यादादा. मी फोन डोळ्यांसमोर धरला आणि तेवढ्यात टुंग. पडद्यावर वरून एक चिठ्ठी उतरावी तसे सहा आकडे उतरले.

विहिरीमागे पळत जाऊन सांगायला वेळ नव्हता. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी तिथूनच सुरू केलं.

“आबा, चार बोटं डावीकडे. चार. हां. मोठीआई, तू दोन पावलं पुढे ये. दोन.”

“एवढी पुढे?”

“बरोबर आहे. मक्यादादा, सात जन्म असाच तोंड पाडून उभा राहणार आहेस का? आबा, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवा. एक. तीन वांगी दिसू देत चिमट्यात. तीन! आता सगळे मोठ्याने म्हणा, पाच!”

“चीज म्हणतात ना गं?” मोठीआई म्हणाली.

“आता पाच म्हणतात.”

“पाऽऽऽच!” तिघंही ओरडले.

खिशातून अगदी बारीक आवाज आला. जितूचा. “काका, झालं! आत गेलो!” मी खिशात हात घालून फोन बंद केला.

तो फोटो अजून आहे माझ्याकडे. माझ्या लेकीला तो फार आवडतो. दूध पिता पिता ती आबांच्या वासलेल्या तोंडावर बोट ठेवते आणि खुदकन हसते. तिला वाटतं, हे आजोबा गाणं म्हणतायत.

पुढचं सोपं होतं. जितू फीचा आकडा भरेल, सादर करेल, दुसरा ओटीपी पाठवेल, तेव्हा मी आणखी एक फोटो काढेन. पण आबांना स्वतःचा फोटो एवढा आवडला की त्यांनी माझ्या हातातून फोन काढूनच घेतला.

“स्टेटसला लावतो. कसं लावायचं?”

“द्या, मी लावते.”

“नको, मला शिकू दे. सगळं तुम्ही करून दिलंत तर मी कधी शिकणार?”

एरवी हे वाक्य ऐकायला आम्ही जीव टाकला असता. आबा बांधावर बसून एका बोटाने फोन टोचत होते, मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते, आणि आमच्या दोघांच्या देखत टुंग वाजलं. लगोलग दुसरं टुंग.

आबांनी चष्मा वर केला. खाली केला. ओठ हलवत वाचलं. मग उभे राहिले.

“थांबा सगळे! कुणीही हलू नका.”

जणू सापच निघाला होता. मक्यादादा वांगं हातात धरून तसाच थांबला.

“विशूचं रिटर्न भरलंय कुणीतरी. रिवाइज्ड. आणि आधारचा ओटीपी आलाय, शेवटचे आकडे विशूच्या कार्डाचे आहेत. फसवणूक! आपल्या घरात! मी गावभर व्याख्यानं देतोय आणि आपल्याच घरात!”

“आबा, ते तसं नसेल...” मी म्हणाले.

“तुला काय कळतंय त्यातलं? रिफंड लाटतात हे लोक. थांब, आधी विशूला सावध करतो.”

त्यांनी बापूंना फोन लावला आणि आबांच्या फोनचा स्पीकर कायमचाच चालू असतो. मी पुढे झाले तसा माझ्या मनगटावर ओला हात पडला. आईचा, पिठाने माखलेला.

“तू नको,” ती हळूच म्हणाली. “त्यांना बोलू दे.”

“विशू! कुठे आहेस तू?”

“पंपावर,” बापूंचा आवाज आला.

“ऐक. घाबरायचं नाही. तुझ्या नावावर कुणीतरी रिटर्न भरलंय. आता ओटीपी आलाय. तुला फोन करून मागतील. द्यायचा नाही. देणार कुठून म्हणा, तो माझ्याकडे आहे. मी आत्ताच्या आत्ता तक्रार करतो, तुझं खातं बंद करून टाकतो. तू फक्त हो म्हण.”

बापूंनी आबांना जन्मात दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. शाळा कुठली, हो. नोकरी कुठली, हो. माझी आई त्यांना पसंत होती म्हणून बरं, नाहीतर तिथेही होच. आता तेवढा एक शब्द उच्चारला की ते सुटत होते. खोटं तसंच झाकलेलं राहत होतं. फक्त माझं नाव कमी होत होतं.

फोनमधून मालगाडीची शिट्टी आली. लांबलचक.

“पंपावर मालगाडी कुठून आली रे?” आबा म्हणाले.

“पंपावर नाही मी, आबा. जितूकडे आहे. रिटर्न मीच भरलंय.”

“तू?” आबांनी असं विचारलं की जणू गोठ्यातल्या बैलाने भरलं होतं. “मी भरलं होतं ना तुझं? काय चूक होती त्यात?”

“तुमची चूक नव्हती. मी एक गोष्ट सांगितली नव्हती. शरूची फी.”

“फी माफ झाली ना तिची?”

“नाही झाली. मी भरली.”

“मग माफ झाली का म्हणालास?”

“पावती मागितली असती तुम्ही. पावतीवर कॉलेजचं नाव आहे.”

“असेना. बी.एड.चं कॉलेज आहे, लपवायचं काय त्यात?”

“बी.एड.चं नाही, आबा. आग विझवायचं आहे.”

मोठीआईने माझे तळहात बघितले. मी लपवले नाहीत.

“अग्निशमनाची इंजिनिअर होतेय ती,” बापू सांगत होते. एकदा नळ सुटला की सुटला. “शिडीवर चढते. एवढाले पाइप खांद्यावर घेऊन पळते. वर्गात मुली मोजक्याच आहेत, पण ही मुलांच्याही पुढे आहे. मी जाऊन बघून आलोय. तुम्हाला पंपाच्या ट्रेनिंगला जातो म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तिथेच गेलो होतो.”

“म्हणजे तेही खोटं.”

“तेही.”

“मी गावासमोर सत्कार केला तिचा. भाषण केलं.”

“चांगलं झालं होतं भाषण.”

“विशू, थट्टा करू नकोस! शाळेत जागा धरून ठेवलीय मी. दोन वेळा संस्थेत भांडलोय तिच्यासाठी. मला आधी का नाही सांगितलंस?”

“मकरंदला आणलं होतं ना तुम्ही.”

मक्यादादाच्या हातातलं वांगं तोवर निवलं असावं. तो ते सोलू लागला. फार मन लावून सोलू लागला. मोठीआईने पदराने डोळे पुसले. धूर होताच म्हणा तिकडे.

“घरी बोलू,” आबा म्हणाले. “उद्या.”

“उद्या चालणार नाही. आज शेवटचा दिवस आहे. ओटीपी सांगा, आबा. वेळ संपत चाललाय.”

“ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो.”

“माझा आहे तो,” बापू म्हणाले.

आवाज चढला नव्हता. पंपावर कुणी पाणी कधी सोडणार म्हणून विचारलं की ते ज्या आवाजात वेळ सांगतात, तोच आवाज. पण आबांनी फोन कानाजवळून लांब धरला आणि त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं खिशात बाळगलेली वस्तू परक्याची निघावी, तसं.

मग त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

“वाच. माझ्या चष्म्यावर धूर बसलाय.”

मी वाचायला लागले, पण पलीकडून जितू ओरडला, “गेला, काका! मुदत संपली त्याची! नवीन पाठवतो, थांबा!”

आम्ही थांबलो. बडगी, भाकऱ्या, वांगी सगळं सोडून सगळे त्या एका फोनभोवती. टुंग काही वाजेना. फोनवरची रेंजची काडी एक होती, तीही गेली. बापूंचा आवाज तुटला.

“येत का नाही मेला!” मोठीआई कासावीस झाली. मघापासून तिला यातलं काय कळलं होतं कोण जाणे, पण तो यायला हवा एवढं कळलं होतं.

“इथे खाली नाहीच येत रेंज,” मक्यादादा म्हणाला. “टाकीवर येते. ठिबकच्या टाकीवर. मी जातो.”

टाकी लोखंडी खांबांवर उंच उभी होती. एका बाजूला गंजलेली सरळसोट शिडी. मक्यादादाने चप्पल काढेपर्यंत मी आबांचा फोन दातात धरून निम्म्यावर पोचले होते. वर बघायचं, खाली नाही. आधी हात, मग पाय. एका वेळी एकच सुटा. विचार करावा लागत नव्हता. खालून मोठीआई देवाचं नाव घेत होती आणि आबांचा आवाज आला, “अगं हळू! ती तिसरी पायरी हलते!” तोवर मी माथ्यावर बसून पाय सोडले होते.

काय हवा होती वर! सगळी रानं दिसत होती. पाचोऱ्याचं स्टेशनही दिसलं, निदान मला तसं वाटलं. आणि माझ्या मांडीवर टुंग वाजलं.

मी बापूंना फोन लावून आकडे सांगितले. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून आबांच्याच सुरात, एकेक, खणखणीत. खाली सगळे माना वर करून ऐकत होते. पलीकडे कळफलकाचा खडखडाट. मग काहीच नाही. मग बापू.

“शरू.”

“बोला.”

“झालं गं. पावती आली.”

फोन जितूने घेतला आणि प्रिंट काळीपांढरी काढू की रंगीत, असं विचारलं.

ऊन कलताना बापू त्यांच्या जुन्या स्कूटरवरून आले. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. ते आले आणि आबांसमोर मांडी घालून बसले. आईने पान वाढलं. मिरची बेताची नव्हती, त्यामुळे नाकं ओढायला सगळ्यांना सबब होती.

“ती शाल परत दे,” आबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “ती बी.एड.ची होती.”

“देते, आबा.”

“आणि विशू, पुढच्या जुलैत सगळ्या पावत्या आण. लपवाछपवी नको.”

बापूंनी घास चावला, गिळला. “पुढच्या वर्षीपासून माझं मी भरीन म्हणतो, आबा.”

“तू? चुकशील.”

“चुकेन की. सुधारता येतं. डिसेंबरपर्यंत.”

मक्यादादाला ठसका लागला. मोठीआईने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जास्तच वेळ. आबा त्या दोघांकडे बघत राहिले, मग आगीकडे. काड्या केव्हाच विझल्या होत्या, नुसती राख होती.

“नागपूरची गाडी कधी आहे गं तुझी?” त्यांनी विचारलं.

“दोन तारखेची. रात्रीची. आधी जळगावला बँकेत जाऊन...”

“मी येतो स्टेशनवर.”

सगळ्यांच्या माना वर झाल्या. आईचा हात परातीतच राहिला.

“असे बघताय काय सगळे?” आबा खेकसले. “सोडायला येतो म्हटलं. आणायला नाही.”

बापूंनी हातातली भाकरी पानावर ठेवली. ती पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. मग आईने न विचारता त्यांच्या पानावर भरीत वाढलं, आणि ते नको म्हणाले नाहीत.